थोरल्यांचं काळं नाणं

त्यांना हाक कशी मारायची, यातच माझा पहिला महिना गेला.

मी त्यांच्याकडे पोळ्या करायला लागले तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, ते एकसष्ट. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लग्न केलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "साहेब, पोळपाट कुठे आहे?" तर म्हणाले, "साहेब कारखान्यात राहिला. मी रिटायर झालो." दुसऱ्या दिवशी काका म्हटलं. "आपल्या वयात नऊ वर्षांचं अंतर आहे. नऊ वर्षांनी कोणी कोणाचा काका होतो का?" दादा म्हटलं, तर म्हणाले, "या शहरात दादा फार झालेत." सगळी नावं अशी बाद झाल्यावर 'अहो' तेवढं उरलं. मग मी अहो म्हणायला लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा जिन्यात हसून म्हणाल्या, "अय्या, अहो म्हणता होय त्यांना!" मी म्हटलं, "मग काय शिट्टी मारू?"

माझा नवरा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्याला मी कधी अहो म्हटलं नव्हतं. म्हणावं असं त्याचं काही नव्हतं.

ते मला बाई म्हणायचे. रागावले की 'आपण' सुरू व्हायचं. "आपण आज मीठ घरी विसरून आलात का?" असं.

जन्मभर एका इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी मापं तपासली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत. ती सवय ते घरी घेऊन आले होते. स्टीलचं एक मोजायचं यंत्र होतं, दोन जबड्यांचं. पहिले काही महिने ताटात पोळी पडली की आधी त्या जबड्यात जायची, मग यांच्या.

"कडेला दीड मिलिमीटर, मध्ये एक. बाई, पोळी सगळीकडे सारखी हवी."

"पोटात गेल्यावर सारखीच होते."

"आणि ही गोल नाही."

"गोल हवी असेल तर झाकणाने कापून देते. कडा तुम्हीच खायच्या."

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि जेवले. दुसऱ्या दिवशी परत मोजली. मी परत तेच बोलले. असं बरेच महिने चाललं. पोळी कशी झाली हे त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. तीन वाढल्या आणि चौथी मागितली, तर ती चांगली झाली असं मी समजायचे.

आतल्या खोलीत खिडकीपाशी टेबल होतं. टेबलावर लाकडी पेटी, पेटीत कप्पे, कप्प्यांत कागदी पाकिटं, आणि एका पाकिटात एक नाणं. मी गेले तेव्हा अकरा होती. सगळी चांदीची, पण सांगितल्याशिवाय कोणी चांदी म्हणणार नाही इतकी काळपट. आपल्या पाच रुपयांच्या नाण्याहून लहान आणि पापडासारखी पातळ. आता जिथे फ्रान्स आणि जर्मनी आहे तिथे बाराशे वर्षांपूर्वी फ्रँक नावाच्या लोकांचं राज्य होतं, त्यांच्या राजांची ही नाणी. हे सगळं त्यांनी मला एका दुपारी उभ्याउभ्या सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी नुसतं टेबल पुसायचं का विचारलं होतं.

त्या राजांची खरी नावं माझ्या तोंडात बसायची नाहीत. पण तिकडच्या लोकांनीच त्यांना टोपणनावं ठेवलेली होती. ती यांनी मराठीत आणली होती आणि घरात तीच चालायची. पहिला ठेंगू. ठेंगूचा मुलगा थोरले. थोरल्यांचा मुलगा भाविक. पुढे टकला, तोतरा, जाड्या आणि भोळा.

मी म्हटलं, "हे राजे आहेत का आमच्या वस्तीतली माणसं?"

"राजेच. तिथले लोक तोंडावर स्तुती करायचे आणि पाठीमागे खरं बोलायचे. पुण्यासारखंच."

पहिलं नाणं त्यांना तरुणपणी मिळालं. कारखान्यात मशीन बसवायला एक जर्मन माणूस आला होता. परत जाताना त्याने आठवण म्हणून खिशातून काढून दिलं. भाविकाचं नाणं. त्यावर खांबांचं एक छोटं देऊळ आहे, मला ते आमच्या गावच्या शाळेसारखं वाटायचं. त्या एका नाण्यापायी यांनी पुढची चाळीस वर्षं जर्मनीतल्या एका नाणेवाल्याला पत्रं लिहिली. स्वतः कधी परदेशात गेले नाहीत. दोन सदरे, एक स्वेटर आणि एक पंखा, एवढ्यावर भागवायचे. पगारातून आणि नंतर पेन्शनीतून तीन-चार वर्षांनी एक नाणं यायचं.

पुण्यात जुनी नाणी जमवणारे पुष्कळ. त्यांच्यातले तिघे एकदा चहाला आले. एक जण म्हणाला, "आपल्याकडे शिवराई असताना हे परके राजे कशाला हो?"

हे म्हणाले, "शिवराईला पुण्यात पाचशे माणसं आहेत. यांचं इथे कोणी नाही."

मी चहा घेऊन दारात उभी होते. तेवढ्यात दुसऱ्याने टकल्याचं नाणं उचललं आणि अंगठ्याने चोळून बघायला लागला. यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "कडेला धरा! कडेला!" त्या माणसाने घाबरून नाणं बशीत टाकलं. चहा तसाच राहिला. तिघं गेल्यावर यांनी मला टेबलाशी बोलावलं आणि धडा दिला. नाणं दोन बोटांनी कडेला धरायचं. त्याच्यावर बोलायचं नाही, थुंकी उडते. फुंकर मारायची नाही. प्लॅस्टिकमध्ये ठेवायचं नाही. खाली मऊ कापड असल्याशिवाय उचलायचं नाही. मी सगळं ऐकून घेतलं. नाणं हातात घेऊन नीट बघितलं आणि म्हटलं, "तुमच्या राजांची नाणी तरी कुठे गोल आहेत?"

त्यांनी नाणं माझ्या हातातून घेऊन बघितलं. मग हसले. असे हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. त्या दिवसापासून पोळी मोजणं बंद झालं.

मी चौथी पास. वाण्याची यादी सोडली तर लिहिण्याशी माझा संबंध नव्हता. पण रिटायर झाल्यावर त्यांचा हात कापायला लागला होता आणि पाकिटांवर लिहायची पंचाईत झाली होती. प्रत्येक पाकिटावर त्या नाण्याची हकीकत असायची. कुठे सापडलं, कोणाकडून कोणाकडे गेलं, वजन किती. एकदा म्हणाले, "बाई, लिहा."

"मला कुठे येतंय?"

"थोरल्यांनाही येत नव्हतं."

मग ती गोष्ट सांगितली. थोरले एवढे मोठे राजे, पण लिहायला शिकायचं राहून गेलं. उतारवयात हौस आली. उशाखाली पाटी ठेवायचे आणि जाग आली की अक्षरं गिरवायचे, तरी हात वळला नाही. सही करायची झाली की कारकून सगळं नाव चिन्हासारखं मांडून ठेवायचा, मधे एक छोटी रेघ तेवढी मोकळी सोडायचा. ती रेघ राजा मारायचा. झाली सही. तेच चिन्ह नाण्यावर असायचं.

"मग राज्य कसं केलं?" मी विचारलं.

"तुम्ही पोळ्या पुस्तकात बघून करता का?"

मी पाकिटं लिहायला लागले. आधी पाटीवर पेन्सिलीने, मग कागदावर. जोडाक्षर चुकलं की ते नवीन पाकीट काढायचे, बोलायचे नाहीत. वर्षभरात अकराही पाकिटं माझ्या अक्षरात झाली. आज मी हे लिहिते आहे तेही त्याच हाताने.

बाराव्या कप्प्यात काही नव्हतं. तो थोरल्यांचा कप्पा. बापाचं होतं, मुलाचं होतं, नातवंडा-पतवंडांची होती, थोरल्यांचं तेवढं नव्हतं. चिन्हाचं नाणं हवं होतं, आणि ते त्यांच्या आवाक्यात कधी येत नव्हतं. तो पत्रांतला जर्मन नाणेवाला म्हातारा होऊन वारला तेव्हा त्याच्या मुलीचं पत्र आलं. बापाने मरताना सांगून ठेवलं होतं की एक नाणं पुण्याला जाऊ द्या, झेपेल त्या किमतीत. ते वाचून हे दोन दिवस घरात येरझारा घालत होते. मी म्हटलं, "आनंद झालाय का दुःख?" म्हणाले, "आपण कणीक भिजवा."

गणपती झाल्यावर पार्सल आलं. हात धुऊन, खिडकी उघडून, कापड पसरून त्यांनी नाणं बाहेर काढलं. मीही वाकून बघितलं. नाणं कसलं, तव्यावरचा जळका तुकडा होता. ते भिंग लावून बघत राहिले. दिवसभर बघितलं. दुसऱ्या दिवशीही. शेवटी भिंग ठेवून दिलं.

"दिसत नाही," म्हणाले.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन कधीपासून टाळत होते, पण आता लगेच तारीख घेतली. उजव्या डोळ्याचं आधी. तेवढे आठ दिवस बहिणीकडे राहायला जाणार होते. जाताना मला किल्ली देऊन म्हणाले, "परत येईन तेव्हा पहिलं थोरल्यांची सही बघीन. ती मधली रेघ."

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. मी घर झाडलं, डबे घासले, त्यांच्या आईच्या देवघरातली चांदीची निरांजनं, पळी, पंचपात्र काढली. पांढरं दंतमंजन आणि जुना ब्रश घेऊन बसले. सगळं लखलखीत झालं. मग मला थोरल्यांची आठवण झाली.

आता लोक विचारतील की एवढं शिकवल्यावर कसं केलं. सांगते. त्यांनी मला फुंकर मारू नका म्हणून सांगितलं होतं, बोलू नका म्हणून सांगितलं होतं. घासू नका असं कधी सांगितलं नव्हतं. हे सांगावं लागतं असं त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. आणि चांदी काळी ठेवायची असते हे माझ्या डोक्यात कुठून येणार? आमच्याकडे काळं भांडं म्हणजे घरातली बाई आळशी. ते डोळ्यांना दोष देत होते, मी काळेपणाला देत होते. मला वाटलं, डॉक्टर डोळा साफ करतोय, मी नाणं साफ करते. आल्याबरोबर दिसेल. कडेला धरून मी ते दहा मिनिटं घासलं. चिन्ह वर आलं. मधली रेघ माझ्या साध्या डोळ्यांना दिसली. पुसून पाकिटात ठेवलं आणि अख्खा आठवडा मनात खूश होते.

ते आले. डोळ्यावर हिरवा चष्मा. चपला काढल्या, हात धुतले आणि थेट टेबलाशी गेले. मी मागे उभी राहिले, चेहरा बघायला. पाकिटातून नाणं कापडावर पडलं आणि खिडकीतल्या उजेडात चमकलं. नव्या नाण्यासारखं.

त्यांनी ते कडेला धरून उलटं करून बघितलं. मग त्यांनी विचारलं, "कशाने?"

"दंतमंजनाने."

"कोणत्या?"

"पांढऱ्या."

त्यांनी ते सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवलं. पाकिटावरचं वजन बघितलं. पुन्हा ठेवलं. माझ्या लक्षात आलं की काहीतरी गेलेलं आहे आणि ते मी मोरीत वाहून टाकलेलं आहे.

"दिसली का रेघ?" मी तरीही विचारलं.

"दिसली." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बाई, तो रंग यायला बाराशे वर्षं लागली होती."

मी म्हटलं, "मग परत येईल की."

"येईल. आपण दोघं थांबू या."

त्या दिवशी पोळ्या नकोत म्हणाले. पुढचे चार दिवस नकोच होत्या. मी रोज जायची, ते दार उघडायचे, "आज नको" म्हणायचे, मी परत यायची. दिवाळी गेली. माफी मागायचं माझ्या ओठांवर यायचं, पण मी चुकून केलं नव्हतं ना, चांगलं म्हणून केलं होतं. त्याची माफी कशी मागतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. टेबलावर थोरल्यांचं पाकीट आणि पेन होतं.

"लिहा."

पाकिटावर आधीच्या ओळी होत्या, माझ्याच अक्षरात. शेतात नांगरताना सापडले. मग त्या शेतकऱ्याचं नाव, मग नाणेवाल्याचं, मग यांचं. त्याखाली त्यांनी मला सांगितलं ते लिहिलं. पुण्यात, दिवाळीच्या आधी, दंतमंजनाने घासले. पुढे माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

"माझं नाव कशाला?" मी म्हटलं. "हजार वर्षं बदनामी."

"नाणं कोणाच्या हातात आलं आणि त्या हाताने काय केलं, ते लिहायचं. चांगलं-वाईट वाचणारा ठरवेल."

मी लिहिलं. त्यांनी भिंग घेऊन तपासलं.

"अक्षर सुधारलंय," म्हणाले. मग म्हणाले, "चार लाटा."

माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, आपण कणीक भिजवा.

पण तेव्हापासून एक पद्धत पडली. दर दिवाळीला मी चांदीची भांडी घासून झाली की हात धुऊन आत जायची. ते थोरल्यांना कापडावर काढून ठेवायचे. दोघं खिडकीत उभे राहायचो.

"काही?" ते विचारायचे.

"नाही. पांढरंच."

"हं. पुढच्या वर्षी बघू."

एवढंच. वर्षातली ती दोन मिनिटं. दुसऱ्या वर्षीपासून मी त्या दिवशी जरा बरं लुगडं नेसून जायला लागले. खालच्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, दिवाळी आहे. अशा सहा दिवाळ्या झाल्या. सहाही वर्षं पांढरंच.

सातव्या वर्षी श्रावणात ते गेले. आजारी फार नव्हते. आदल्या दिवशी तीन पोळ्या खाल्ल्या, चौथी घेतली आणि अर्धी ठेवली. ती अर्धी पोळी बघून मला कळायला हवं होतं. पानात टाकणारा माणूस नव्हता तो.

भाचा परदेशातून आला. भला मुलगा, घाईत होता. शनिवार पेठेतून एक नाणेवाला घरी बोलावला. त्याने पेटी उघडली, एकेक पाकीट बघितलं, माझं अक्षर बघून हसला. "मराठीत! ठेंगू!" मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "कडेला धरा." त्याने वळून बघितलं आणि कडेला धरलं. अकरा नाणी घेतली. थोरल्यांचं नाणं उन्हात धरून परत ठेवलं. "हे घासलेलंय हो. सत्यानाश केलाय कोणीतरी. हे मला नको."

"कोणीतरी नाही," मी म्हटलं. "पाकिटावर नाव आहे, वाचा."

भाचा मला म्हणाला, "मावशी, तुम्हाला हवंय का हे? नाहीतर मी तरी काय करू याचं?"

मी पदराला हात पुसले आणि पाकीट घेतलं. देवघरातली निरांजनंही तो देत होता, ती घेतली नाहीत. मला काय करायची दोन-दोन निरांजनं?

आता मी मुलाकडे कात्रजला असते. पोळ्या सून करते, जाड करते, मी बोलत नाही. कोथरूडच्या बसमध्ये कधी बसलेच तर त्या स्टॉपला उतरत नाही. माझ्या ट्रंकेत खाली मऊ कापड आणि त्यावर पाकीट आहे. घरी आणलं त्याच दिवशी मी शेवटची ओळ लिहिली, आता यापुढे माझ्याकडे म्हणून. ते लिहायचं असतं. नात परवा म्हणाली, "आजी, काय क्यूट आहे! पेंडंट करून दे ना." मी तिला कडेला कसं धरायचं ते दाखवलं आणि पेंडंट-बिंडंट काही मिळणार नाही म्हणून सांगितलं. पण नाव तिचंच लिहिणार आहे पुढे. तिला अजून सांगितलेलं नाही.

या दिवाळीला सुनेने सगळी चांदी घासली. मी हात धुतले, खिडकीत गेले, कापड पसरलं. दरवर्षी बघते, सवयीने. डोळे आता माझेही गेलेत, म्हणून आधी खरं वाटलं नाही. नातीला बोलावलं, तिलाही दिसलं. कडेला, जिथे आम्ही धरायचो तिथे, चहाच्या डागासारखा रंग आलाय. तपकिरी आहे, काळा नाही अजून. पण आलाय.

नात म्हणाली, "आजी, खराब होतंय ते. घासून देऊ?"

मी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि तिला बाहेर पाठवलं. खिडकीत एकटीच उभी राहिले. नाण्यावर बोलायचं नसतं, म्हणून तोंड फिरवलं आणि मग म्हटलं, "अहो, आलाय."

"काही?" असं कोणी विचारलं नव्हतं. तरी मी सांगितलं.